म्हशीला भुलवणे

ज्याने मोहावर विजय मिळवला, त्याने जग जिंकलं. हे वाक्य मी गेल्या महिन्यात जळगावात एका मांडवाखाली, पहिल्या रांगेपासून बरीच मागे बसून ऐकलं. बोलणारे गृहस्थ शेतीच्या प्रदर्शनाचं उद्घाटन करायला आले होते. वाक्य मोठं होतं, टाळ्याही मोठ्या झाल्या. फक्त फीत कापून अर्धा तास झाला तरी चांदीची कात्री त्यांच्या हातातच होती, आणि ती परत कशी मागावी याची चर्चा संयोजकांपैकी दोघे जण डोळ्यांनीच करत होते.

नवं राज्य होऊन काही महिनेच झालेत, त्यामुळे सध्या सगळ्याचंच प्रदर्शन भरतं. ट्रॅक्टर होता, खताची पोती होती, रावेरचे केळीचे घड क्रमांक लावून टांगले होते. शेवटच्या कोपऱ्यात जुन्या वस्तूंचं एक टेबल होतं. तिथे लोक उन्हातून सावलीला म्हणून येत आणि टेबलाकडे पाठ करून उभे राहत. टेबलावर मोटेचं चाक, एक पेरणीची पाभर, आणि मध्ये पेंढा भरलेलं म्हशीचं पारडू. त्याच्या पोटाची शिवण उसवली होती. समोर पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'म्हशीस फसवून दूध काढण्याचे साधन. कालबाह्य.'

"फसवून नाही," मी तिथल्या स्वयंसेवकाला म्हटलं. "भुलवून."

"एकच ना, बाई."

"एकच असतं तर लोकांनी दोन शब्द कशाला सांभाळले असते?"

"पुठ्ठ्यावर जागा कमी होती," तो म्हणाला. छातीवर रेशमी फूल लावलेला, गोरटेला, विशीतला मुलगा. खोटं बोलण्याची सवय नसलेला.

"दोन्हीत अक्षरं तितकीच आहेत."

"बाई, तुम्ही शाळेत शिकवता का?" त्याने विचारलं. हा प्रश्न मला हल्ली उत्तर म्हणूनच मिळतो. मी हो म्हटलं आणि पारड्याजवळ वाकले. जुनं चामडं, मीठ, दमट भूस. मागे कात्रीवाले गृहस्थ अजून जग जिंकत होते. माझ्यापुरता मांडव संपला होता.

*

यावलहून बैलगाडीने तासाभरावर आमचं गाव. घरामागे गोठा, गोठ्यामागे केळीची बाग, आणि बागेच्या डोक्यावरून सातपुड्याची निळी रेघ. थंडीत त्या रेघेवरून वारा उतरे तो केळीची पानं फाडत येई. दिवसभर कुणीतरी कोरं कापड टराटरा फाडतंय असं वाटे. मधल्या खोलीत कापूस छताला लागलेला. त्या खोलीचा वास मी अजून कुणाला समजावून सांगू शकलेले नाही. उबदार, तेलकट, थोडा झोपेसारखा. आम्हाला तिथे जायला बंदी होती आणि आम्ही तिथेच सापडत असू.

आमच्या घरात कुणी कशाने 'मोहित' होत नसे. तो शब्द पोथीत असे. बोलण्यात मोह म्हणजे सातपुड्यातलं झाड. घरात चाले तो शब्द भुलणे. तापातल्या पोराला भुलवून काढा पाजायचा. हट्टी पाव्हण्याला भुलवून आणखी एक भाकरी वाढायची. जंगलात एक वेल असते, तिच्यावर पाय पडला की माणूस वाट भुलतो आणि रात्रभर एकाच खोऱ्यात फिरतो, असं आबा सांगत. आबा म्हणजे माझे वडील. त्यांचा स्वतःचा पाय त्या वेलीवर एकदाच पडला होता, आणि माय म्हणे त्या दिवशी यावलचा बाजार होता, वेल नव्हती.

त्या वर्षी, म्हणजे स्वातंत्र्य आलं त्याच हिवाळ्यात, आमची म्हैस भुरी व्याली आणि आठवड्यात तिचं पारडू मेलं. भुरीने दूध चोरलं. कास दगडासारखी, हात लावला की लाथ. गावात गोंदा म्हणून चामड्याचं काम करणारा होता. त्याने पारड्याची कातडी सोडवली, राख-मीठ चोळून उन्हात घातली, आत गव्हाचं भूस भरून शिवली, आणि चार काठ्यांवर ते उभं करून दिलं. डोळ्यांच्या जागी काही नव्हतं. मला ते बघवेना. आणि ते रोज दोन वेळा भुरीपुढे धरायचं काम मायने नेमकं मलाच दिलं.

पहिल्या दिवशी मी ते पुढे ढकललं आणि बाजूला झाले. भुरीने लाथ मारली. चरवी आढ्याला लागली.

"अशी नही व," माय म्हणाली. "तिले फसवू नको. फसवलं त लात मारते. भुलव तिले."

"म्हणजे काय करू?"

"सांगते."

मग मी शिकले. कातडीवर मिठाचं पाणी शिंपडायचं. घमेल्यात सरकी आणि ढेप भिजवून ठेवायची. पारडू एकदम पुढे आणायचं नाही. आधी बाजूला, वास येईल इतक्या अंतरावर धरायचं, आणि म्हशीने स्वतः मान वळवायची वाट बघायची. ती वाट बघणं हेच खरं काम होतं. भुरी मान वळवी, हुंगे, एक लांब श्वास सोडी, त्या श्वासाने माझा हात ओला होई. मग ती चाटायला लागे. कान नव्हते तिथे, डोळे नव्हते तिथे, सगळीकडे. आणि मागे चरवीत दुधाची धार वाजे, आधी पत्र्यावर पाऊस पडावा तशी, मग भरत गेली की घोगरी.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. मला वाटे, म्हशीला अक्कल नाही.

*

अक्का, माझी थोरली बहीण, त्याच सुमाराला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला धुळ्याकडे दिलेली. दोनच वर्षांत ती तिकडची बोली इतकी बोलू लागली की घरात आम्ही तिची नक्कल करत असू. आम्ही 'आहे', 'सगळं' म्हणायचो, ती 'शे', 'बठ्ठं' म्हणून जाई आणि जीभ चावी. आबा तिला मुद्दाम विचारत, "का वं, बठ्ठं बरं शे ना?" ती चिडे आणि हसे.

मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं. तो अकराव्या दिवशी गेला. त्यामुळे त्याला नाव नाही. आठवायचं झालं तर कसं आठवावं हा प्रश्न मला अजून पडतो. बाजेखालची शेगडी, ओव्याचा आणि शेपांचा धूर, डिंकाचे लाडू, सगळं मागवून ठेवलेलं तसंच राहिलं. लाडू शेवटी आम्हीच खाल्ले. ते चांगले झाले होते.

अक्का भिंतीकडे तोंड करून पडली. छातीवर मायने फडकं आवळून बांधलं होतं, ते तासाभरात भिजे. ती रडत नव्हती, बोलत नव्हती. आठवडा गेला.

आमच्याकडे दर हिवाळ्याला यावलहून रहमान पिंजारी येई. ओट्यावर बसून कापूस पिंजी, धनुष्याची तार दिवसभर वाजे, आणि त्याच्या भुवया संध्याकाळपर्यंत पांढऱ्या होत. त्या वर्षी तो आला नव्हता. त्या हिवाळ्यात बरेच जण बऱ्याच ठिकाणी गेले नाहीत. मग एका दुपारी त्याची आई हमिदाबी अंगणात उभी दिसली. काखेत चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी. रहमान स्वतः आत आला नाही. दूर केळीच्या कुंपणापाशी, रस्त्यावरून पटकन निघता येईल असा उभा राहिला.

त्याची बायको बाळंतपणात गेली होती. पोर आठ दिवसांचं होतं. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजत होते, ते पोटात ठरत नव्हतं. त्याचं रडणं तेल नसलेल्या बिजागरीसारखं होतं, तेही मधूनच थांबे.

आमची सुईण तिथे बसली होती. तिने चिंधी उघडली आणि पुन्हा झाकली. "दोन रोज काढीन," ती म्हणाली. "तिसरा नही."

हमिदाबी मायला म्हणाली, "मैं कुछ नही माँगती, बाई. एक बार बेटी की छाती कू लगा के देखो. नही पिया तो अल्ला की मर्जी."

शेजारची सोनाकाकू कुडापलीकडून ऐकत होती. ऐकण्यासाठी तिला कुडाजवळ काहीतरी वाळत घालावं लागे. त्या दिवशी ती तेच लुगडं तिसऱ्यांदा वाळत घालत होती. "अवं, या दिवसांत असं लेकरू घरात घेते काय?" ती म्हणाली. "लोक काय म्हनतीन?"

"लोकायले दूध येत असन त पाठव त्यायले," माय म्हणाली.

आबा ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

मायने पोर घेतलं आणि आत जाऊन अक्काजवळ ठेवलं. अक्काने वळून पाहिलं नाही. मायने हाक मारली, समजावलं, शेवटी रागावली. अक्काने हात मागे नेऊन त्याला जरासं दूर सारलं, झोपेत पांघरूण सारावं तसं. बिजागरी थांबली, मग पुन्हा सुरू झाली, पहिल्यापेक्षा हळू.

माय बाहेर आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पेटीतून दुपटं आन."

कुठलं, हे मी विचारलं नाही. मेलेल्या बाळाचे कपडे नदीत सोडतात. मायने सगळे सोडले होते, एक दुपटं तेवढं ठेवलं होतं. ते का ठेवलं हे तिलाही सांगता आलं नसतं. मी पेटी उघडली आणि ओव्याचा वास आला. दुपटं हातात घेऊन मी दारात उभी राहिले, आणि माय काय करणार आहे ते मला कळलं. सकाळीच मी गोठ्यात तेच केलं होतं. माझ्या हाताला मिठाचा वास येत होता.

मायने पिंजाऱ्याचं पोर त्या दुपट्यात गुंडाळलं. अक्काच्या अगदी जवळ ठेवलं नाही. हातभर अंतरावर ठेवलं. आणि खाली बसून राहिली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. भिंतीवरचं ऊन एका पोपड्यावरून दुसऱ्यावर गेलं. मग अक्काच्या नाकपुड्या हलल्या. तिने मान वळवली.

ती त्या दुपट्याकडे पाहत राहिली. मग उठून बसली, दोन बोटांनी त्याची कड सरकवली आणि चेहरा पाहिला. काळासावळा, सुरकुतलेला, दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा.

"माय," ती म्हणाली. आठवड्यातला तिचा पहिला शब्द. "मी म्हैस आहे काय?"

मी दाराआड झाले. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज फार कमी वेळा वाटली आहे.

माय जागची हलली नाही. "म्हशीलेबी कळते, बाई," ती हळूच म्हणाली. "तिले काय नाक नसते? तिचं पारडू मेलं हे भुरीले माह्याआधी कळलं. तरी चाटते."

अक्काने पोराच्या अंगावरचं दुपटं सोडवलं, घडी घातली, अगदी नीट चौकोनी घडी, आणि बाजेखाली टाकून दिलं. उघडं पोर थंडीने आखडलं. तिने त्याला उचललं, आपला पदर त्याच्यावर ओढला, आणि आमच्यापैकी कुणाकडेही न बघता, सासरच्या बोलीत त्यालाच विचारलं :

"उपाशी शे का रे तू?"

बाहेर हमिदाबी ओट्यावर बसून होती. रडणं थांबलेलं तिने ऐकलं. ती उठून उभी राहिली. थांबण्याचा अर्थ तिला कळेना. मायने जाऊन सांगितलं तेव्हा ती पुन्हा बसली, आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या मुलाला हात हलवून खूण केली. रहमानने ती कशी घेतली कोण जाणे. तोही होता तिथेच, रस्त्यावर, खाली बसला.

*

ते पोर आमच्याकडे पाच महिने राहिलं. त्याचं नाव करीम. अक्का त्याला 'पिंजाऱ्या' म्हणे. हमिदाबी आठवड्यातून एकदा चालत येई. तिच्यासाठी आमच्या घरात चहाचा कप वेगळा होता, खिडकीत पालथा ठेवलेला. करीमसाठी वेगळं काही ठेवणं कुणाला सुचलं नाही, आणि त्याच्या बाबतीत ते जमण्यासारखंही नव्हतं. या विसंगतीबद्दल आमच्याकडे कुणी कधी बोललं नाही. सोनाकाकूसुद्धा नाही, ती नंतर नंतर त्याला तेल लावायला येई आणि जाताना न चुकता हात धुऊन जाई.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या, कडुनिंबाला झोके बांधले गेले. अक्का त्याला पोटाशी धरून झोक्यावर बसली आणि गाणं म्हणताना मध्येच थांबली. तेव्हापासून मला आखाजीची गाणी अर्धवटच येतात.

मग भाऊजी धुळ्याहून आले. भला माणूस, फार बोलत नसे. ओसरीवर बसून त्यांनी तीनदा पाणी मागितलं आणि चौथ्यांदा म्हणाले, "चाल आते. घर बठ्ठा तुनी वाट दखी राह्यनात."

पोराचं दूध तोडायचं ठरलं. त्यासाठी कडुनिंबाचा पाला वाटून लावतात. जगाला भुलवण्याच्या शंभर युक्त्या आहेत. भूल उतरवायला मात्र आमच्याकडे ही एकच, आणि ती कडू. अक्काने पाला स्वतः वाटला. पोराने तोंड लावलं, थुंकलं, रडलं. तिच्याकडे पाहिलं. आणि पुन्हा तोंड लावलं. असं तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी हमिदाबीने त्याला नेलं तेव्हा त्याच्या हनुवटीवर हिरवा डाग होता.

अक्काला पोहोचवायला मी जळगावच्या स्टेशनापर्यंत गेले. चाळीसगावला गाडी बदलून ती धुळ्याला जाणार होती. फलाटावर पाय ठेवता येईना इतकं ऊन होतं. गाडीत बसल्यावर अक्काने माझ्याकडे शाल मागितली.

"या उन्हात?" भाऊजी म्हणाले.

"दे," ती म्हणाली. मी दिली. तिने ती छातीवरून घट्ट लपेटून घेतली आणि गाडी सुटेपर्यंत तशीच बसली.

*

स्वयंसेवक मुलगा माझ्या बाजूला येऊन उभा होता. "बाई, खरंच म्हशीला कळत नसे का?" त्याने विचारलं. त्याला उत्तर हवं होतं. मला वाटतं, त्या मांडवात ते हवं असलेला तो एकटाच होता.

"कळत असे," मी म्हटलं.

"मग ती दूध का देई?"

एवढं मला सांगता आलं असतं, तर मी त्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं असतं. फसवताना समोरच्याला काही कळू द्यायचं नसतं. भुलवताना त्याला सगळं कळलेलं चालतं. त्याच्या मनात आधीपासून काहीतरी साठून दगड झालेलं असतं, त्याला फक्त निमित्त लागतं. हे मी त्याला सांगितलं. तो मान डोलावत राहिला. मग त्याने पुठ्ठा उलटा केला आणि त्यावर 'हात लावू नये' असं लिहिलं.

पण हे माझं स्पष्टीकरणसुद्धा मला पुरेसं पटलेलं नाही. अक्का त्या दिवशी भुलली का? दुपटं तर तिने बाजेखाली टाकलं होतं. मी इतकी वर्षं मुलींना क्रियापदं शिकवते, आणि त्या दुपारी तिने जे केलं त्याला माझ्याकडे क्रियापद नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी धुळ्याला अक्काकडे गेले. तिला आता दोन मुली आहेत. प्रदर्शनातलं पारडू सांगितलं तर ती म्हणाली, "शिवण उसवली होती म्हणतेस? गोंदाचं काम नसेल." बाकी काही नाही. पण मी निघणार त्याच्या आदल्या दिवशी ती पहाटेपासून उठून कामाला लागली होती. रहमान थंडीच्या दिवसांत धुळ्याकडे फिरतो असं तिला कळलं होतं, आणि गाद्या पिंजायच्या आहेत असा निरोप तिने धाडला होता. गाद्या गेल्याच वर्षी पिंजल्या होत्या. दोन्ही मुलींना सांगून ठेवलं होतं की आज दुधाला कुणी हात लावायचा नाही. तिने ते अर्धं होईपर्यंत आटवलं, साखर घातली, वेलदोडे कुटून घातले, आणि पितळी पेल्यात ओतून झाकून ठेवलं. मग ती दारात येऊन उभी राहिली. आत गेली. पुन्हा आली.

रहमान आला. भुवया आता पिंजल्याशिवायच पांढऱ्या. मागे बारा वर्षांचा करीम, खांद्यावर धनुष्य, उंच, काळासावळा.

"बेटा, सलाम कर," रहमान म्हणाला. "यही वो बाई. बोला था ना मैंने."

करीमने सलाम केला. अक्काने पेला त्याच्यापुढे धरला. तिचा हात स्थिर होता. मी मुद्दाम पाहिलं.

करीमने पेल्यात पाहिलं, मग बापाकडे, मग जमिनीकडे.

"पी ना रे," अक्का म्हणाली.

मग रहमानच सांगू लागला. दूध करीमला चालत नाही. अगदी लहानपणापासून उलटी होते. तो कोरा चहा पितो, साखर थोडी जास्त.